आईच्या वाटचं कालवण

कुणी "छान आहे" म्हटलं की माझं डोकं फिरतं. दक्षिण थायलंडातल्या पाक फनांगच्या बाजारात, नदीकडच्या कोपऱ्यावर माझं भात-कालवणाचं दुकान आहे आणि येणारा प्रत्येकजण छानच म्हणतो. परक्याच्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, ही आमच्या लोकांची रीत. नावं ठेवायची ती घरच्यांनी. माझ्या घरी ते खातं आईकडे होतं. तै-पला, म्हणजे माशाची आतडी खारवून मुरवतात त्याचं कालवण, मुळातच इतकं खारट की परगावचा माणूस दुसऱ्या घासाला पाणी मागतो. ते पुढ्यात आलं की आई जरासं चाखायची आणि म्हणायची, "लमून, मीठ कमी आहे." मग ताट पुसून संपवायची. माझी साठी उलटली तरी यात कधी खंड पडला नाही.

आई गेली आणि छान म्हणणारे तेवढे उरले.

दहाव्या महिन्याच्या अवसेला आमची गेलेली माणसं जेवायला येतात. त्यांच्या आवडीचं अन्न विहारातल्या मचाणावर ठेवायचं आणि भिक्खूंचं पठण संपलं की जिवंत माणसांनी त्यावर झडप घालून ते खायचं. जिवंतांच्या तोंडी लागेल तेच गेलेल्यांना पोचतं. आई गेल्यापासून दोन सण झाले. पोरं गोडधोडावर तुटून पडली, माझ्या तै-पलाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. दोन्ही वर्षी मुंग्या लागलेलं पान मी परत आणलं.

"मी खाल्लं असतं की," शेजारचा कॉफीवाला चुआन म्हणाला.

"तुझी दया ठेव तुझ्या किटलीत."

मनातून हवं असेल त्यानेच उचलावं, सांगून खायला घातलेलं पोचत नाही, हे आईचंच म्हणणं. म्हणजे माझी आई दोनदा माझ्या हातचं न खाता उपाशी परत गेली. हसायचं असेल तर हसा, पण चार गावांना जेवू घालणाऱ्या बाईला हे किती लागतं ते मलाच ठाऊक.

यंदा सणाच्या महिनाभर आधी इल्दिको आली. हंगेरी की कुठल्या देशाची. आमच्याकडे पाकोळ्यांच्या घरट्यांसाठी बांधलेल्या इमारती बघायला एका दिवसासाठी आली आणि चुआनच्या माडीवर खोली घेऊन राहिली. केस संत्र्याच्या सालीच्या रंगाचे, म्हणून बाजाराने तिचं नाव सोम ठेवलं. सोम म्हणजे संत्रं.

पहिल्या दिवशी तिने पाच पातेल्यांकडे बोट दाखवलं आणि सगळं एकाच भातावर ओतून घेतलं. मी ताट ओढून घेतलं.

"काय गं, डुकराला घालायचंय का? एक संपव, मग दुसरं."

"आणि काटा तोंडात घालू नकोस पोरी," चुआन पलीकडून म्हणाला. "काट्याने ढकलायचं, चमच्याने खायचं. नाहीतर उद्या जिभेला चार भोकं."

तिला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. तिखटाने डोळे वाहिले, नाक वाहिलं, उचकी लागली, तरी ताटात शीत ठेवलं नाही. वर तिला येत होता तेवढा एक शब्द बोलली. छान.

मला वाटलं, आता ही काही परत येत नाही. दुसऱ्या दिवशी मी झाकणं उघडायच्या आत बाकावर हजर. बाई चिवट. मग हळूहळू ती मागच्या बाजूला बसून शेंगा सोलायला लागली, पालेभाजी निवडायला लागली, आमची भाषा तोडकीमोडकी बोलायला लागली, दुपारी दुकान आवरलं की आमच्याबरोबर चटईवर जेवायला लागली. एके दिवशी माशाच्या गालाचं मांस, तो एवढासा गोड तुकडा, तिने काढला आणि गुपचूप माझ्या भातावर ठेवला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या सख्ख्या भाच्यांना अजून जमत नाही. खरं सांगते, जीव जडला माझा तिच्यावर. फक्त तिचं ते "छान" काही सुटेना.

"तू अजून पाहुणीच आहेस," मी एकदा चिडून म्हटलं. "पाहुणे छान म्हणतात."

"मग घरचे काय म्हणतात?"

"घरची झालीस की कळेल."

सणाच्या दिवशी पहाटेच तै-पला केलं. विहारात न्यायचं अन्न आधी चाखायचं नसतं, तसंच गरम पानात बांधलं आणि भाताबरोबर मचाणावर ठेवलं. कुणाचं कुठलं ते कुणाला कळू नये अशी सगळ्यांची पानं सारखीच. पठण संपलं, भिक्खूंनी मचाणाभोवतीचा मंतरलेला पांढरा दोरा गुंडाळला आणि एकच झुंबड उडाली. मी पाठ फिरवून उभी राहिले. तिसऱ्यांदा ते पान तसंच पडलेलं बघायची माझी ताकद नव्हती.

"लमून," चुआन म्हणाला, "मागे बघ."

चिंचेखाली सोम मांडी घालून बसली होती. मांडीवर माझं पान उघडलेलं आणि ती हाताने जेवत होती. बायका तिच्यापुढे गोड वड्या धरत होत्या, ती मान हलवून नको म्हणत होती.

"तू सांगितलंस तिला?" मी चुआनला विचारलं.

"आईची शपथ, एक अक्षर नाही."

मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"हेच का उचललंस?"

"वास आला," ती म्हणाली. "भूक लागली होती. सगळे गोड घेत होते, मला भात हवा होता."

कपाळावर घाम, नाक लाल. आता ती छान म्हणणार म्हणून मी मन घट्ट केलं. तिने आणखी एक घास घेतला, चावला, माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं.

"मावशी, रागावू नका," ती म्हणाली. "मीठ कमी आहे."

मिठाची गोष्ट मी तिच्यापाशी कधी काढली नव्हती. मी चुआनकडे पाहिलं, त्यानेही नकारार्थी मान हलवली. बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी मी, सगळ्या गावासमोर हमसून रडले.

ती घाबरली. "चुकलं का माझं?"

"नाही गं बाई. जेव. सगळं संपव."

तिने संपवलं. पान बोटाने पुसून खाल्लं. घडीत थोडं कालवण अडकलं होतं, ते मी जिभेवर ठेवून बघितलं. मला तर मीठ अगदी बरोबर लागलं. आई होती तेव्हाही मला बरोबरच लागायचं.