घातांक शून्य, मांजर एक

मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मास्तरकी काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. घरात शिकवण्याजोगं कोणी उरलं नव्हतं. बायकोला शिकवायला जावं, तर तीच चार गोष्टी शिकवून परत पाठवायची. अशा भाकड दिवसांत सुनेनं जाहीर केलं, की अर्धवट सुटलेली शाळा ती बाहेरून परीक्षा देऊन पुरी करणार. मास्तरांनी त्याच दिवशी खडूची पेटी शोधून काढली. फळा नव्हता, म्हणून कपाटाचं लोखंडी दार कामाला लावलं.

सून घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान चालवायची. दुकान आवरलं, की ती वही घेऊन कपाटासमोर बसायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग घातांक आले.

"दोनचा घात तीन, म्हणजे दोन तीनदा घेऊन गुणायचे. आठ," मास्तर म्हणाले. "घात दोन, चार. घात एक, दोन. घात शून्य, एक."

"एक कसा? एकदाही दोन घ्यायचे नाहीत ना? मग हा एक आला कुठून?"

"नियम आहे."

"बाबा, नियम आहे हे पुस्तकातही लिहिलंय. पुस्तक काही चहा पीत नाही. तुम्ही पिता, म्हणून तुम्हाला विचारते."

मास्तरांनी सिद्धता मांडली. वर दोनचा घात तीन, खाली दोनचा घात तीन. घातांकांची वजाबाकी केली की शून्य, आणि आठला आठनं भागलं की एक. सुनेनं ती नीट वाचली. "हे बरोबर आहे, एवढं कळलं," ती म्हणाली. "का आहे, ते नाही कळलं."

'का' विचारणाऱ्या मुलांना गप्प करणारी एक खास नजर मास्तरांनी नोकरीभर वापरली होती. ती त्यांनी सुनेवर टाकून पाहिली. चष्मा धूसर झाला असावा असं समजून सुनेनं तो काढून घेतला आणि पदरानं पुसून दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, की पलीकडच्या गल्लीत क्लास आहे, सोमवारपासून तिथे जाईन म्हणते. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. रागावलेला विद्यार्थी परत आणता येतो. समजूतदार विद्यार्थी गेला की गेला.

"गेली का पटावरची शेवटची मुलगी?" बायकोनं विचारलं.

"तिला परीक्षेशी मतलब. मी कशाला अडवू?"

"अडवू नका. जेवा मात्र. मघापासून ताटात नुसती बोटं फिरवताय."

खरी गोष्ट अशी होती, की सिद्धता मास्तरांना पाठ होती. पटली कधीच नव्हती. त्यांना ती त्यांच्या मास्तरांनी सांगितली होती, त्यांना त्यांच्या मास्तरांनी. त्या साखळीत कोणी चुकलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. पेन्शन सगळ्यांना मिळाली.

शनिवारी सून मागच्या खोलीत कागदांचे गठ्ठे लावत होती आणि मास्तर दुकान सांभाळत होते. एक बाई आल्या. हातात दोन बोटांएवढा फोटो, फोटोत मांजर. मांजराच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की हरवण्याचा निर्णय त्याचा स्वतःचाच असावा.

"भिंतीवर लावायचंय. लांबून दिसलं पाहिजे," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी फोटो काचेवर ठेवला. आधी एक प्रत जशीच्या तशी काढून बघू, असं त्यांनी ठरवलं. किती वाढवायचं, असं यंत्र विचारत होतं. वाढवायचं तर नव्हतंच. मास्तरांनी शून्य दाबलं. यंत्र ओरडलं. त्यांनी पुन्हा शून्य दाबलं, या वेळी जरा जोरात.

"बाबा, शून्य काय दाबताय?" सून बाहेर आली.

"जसंच्या तसं हवंय. काहीच वाढवायचं नाही."

"मग शंभर टक्के दाबा. एकपट. शून्यपट केलंत, तर मांजरच उरणार नाही."

"ते तसंही कुठे उरलंय?" बाई म्हणाल्या.

मास्तरांचं बोट हवेतच राहिलं. मग त्यांनी दोनशे दाबलं. दुप्पट मांजर बाहेर आलं, ते काचेवर ठेवून पुन्हा दोनशे. आलेलं मांजर ठेवून पुन्हा. शेवटच्या प्रतीत मिशांचे दोरखंड झाले होते. मास्तर गुडघे धरत खाली बसले आणि मूळ फोटोसकट चारही मांजरं फरशीवर ओळीनं मांडली.

"हे आठपट. किती वेळा वाढवलं?"

"तीनदा," सून म्हणाली.

"हे चौपट?"

"दोनदा. आणि ते दुप्पट, एकदा."

"आणि हा फोटो?"

"तो कुठे वाढवलाय? एकदाही नाही."

"म्हणजे शून्य वेळा. मग तो किती पट?"

सूनही खाली बसली. तिनं आठपटीवरून बोट उचलून चौपटीवर ठेवलं, तिथून दुप्पटीवर, आणि मग फोटोवर. दर वेळी निम्मं होत होतं.

"एकपट," ती हळूच म्हणाली. "बाबा, हा एक कुठून आलाच नाही. तो आधीपासून काचेवर होता."

"आणि दुप्पटच कशाला?" मास्तरांचा आवाज चढला. "तिप्पट करत गेलो असतो, पाचपट करत गेलो असतो, तरी सुरुवातीला हाच फोटो! बेरजेत काही केलं नाही, तर शून्य मिळवलं. गुणाकारात काही केलं नाही, तर एकनं गुणलं. काही न करण्याचेसुद्धा दोन प्रकार असतात, आणि मी..." ते नुसते मांजराकडे बघत राहिले.

"तुमचं झालं असेल, तर मला चौपटवालं द्या," बाई म्हणाल्या.

बाई गेल्यावर मास्तर उरलेले कागद गोळा करू लागले. सुनेकडे न बघता त्यांनी विचारलं, "सोमवारी जाणारेस ना क्लासला?"

"जाणार. परीक्षा जवळ आलीय, तिथे भराभर पुढे नेतात."

मास्तरांनी मान हलवली.

"पण संध्याकाळी कपाटासमोर बसेन," सून म्हणाली. "तिथे 'का' विचारलं, की सगळा वर्ग मागे वळून बघतो म्हणे."

"इथे बघायला कोणी नाही."

"आई आहेत."

मास्तरांनी जरा विचार केला. "असू दे. फक्त जे विचारायचं, ते सकाळीच सांगून ठेवत जा. संध्याकाळपर्यंत मला ते कळायला हवं."