हवाबंद

पोटासाठी चरित्रकारानं कारखानदारांची चरित्रं लिहिली, डॉक्टरांची लिहिली, एका निवृत्त न्यायाधीशाचं तर दोन खंडांत लिहिलं. पण जीव कशावर म्हणाल, तर पडलेल्या सिनेमांवर. चार दिवसांत उतरलेला, आणि नंतर वर्षानुवर्षं सकाळच्या खेळाला तेच ते वेडे येऊन पुन्हा पुन्हा बघतात, असा सिनेमा असला की स्वारी खूश. गाण्यांचंही तसंच. जी रेकॉर्ड कुणी घेतली नाही ती याच्या घरी हमखास सापडायची. पाहुण्यांना तो चहाच्या आधी रेकॉर्ड ऐकवायचा. हळूहळू पाहुणे यायचे बंद झाले.

या सगळ्या वेडाचं मूळ म्हणजे मास्तर या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दिग्दर्शकाचा सिनेमा. मास्तरांनी जन्मात एकच सिनेमा केला. गोष्ट एका शिवणकाम करणाऱ्या बाईची, बाईचं काम मास्तरांच्या बायकोनंच केलेलं, आणि संगीत म्हणजे एक बासरी आणि शिलाई मशीनची खडखड. शेवटी ती बाई मशीनवर कापड टाकते, घर सोडते आणि एका लांबलचक भिंतीच्या कडेनं चालत कोपऱ्याआड जाते. कॉलेजात असताना चरित्रकारानं तो पाहिला, आणि बाहेर आल्यावर घराच्या उलट्या दिशेनं कितीतरी लांब चालत गेला. त्यानंतर तो सिनेमा त्याच्या डोक्यातून उतरलाच नाही.

त्याच्या सकाळच्या खेळांना जाऊन जाऊन मास्तरांशी ओळख झाली. ते खेळ लावणारं थिएटर बंद पडलं तेव्हा उरलेली एकुलती एक प्रिंट मास्तरांनी त्याच्या हवाली केली. "माझ्या घरात ओल आहे. तुझ्याकडे राहू दे." चरित्रकारानं ती देव ठेवावा तशी ठेवली. प्रत्येक रीळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डब्याच्या झाकणाला भोवतीनं चिकटपट्टी, आणि डबे लोखंडी कपाटात. हवेचा कण आत जायला नको. एकदा दाखवला की एक ओरखडा वाढतो, म्हणून दाखवणं बंद. सिनेमावेडी पोरं दाखवा म्हणून मागं लागली, त्यांना वाटेला लावलं. संग्रहालयवाले न्यायला आले, त्यांना तर दारातूनच परत पाठवलं.

"माझी सवत कपाटात राहते," बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "मला साडी ठेवायला जागा नाही, आणि बाईसाहेबांना अख्खं कपाट."

आता उतारवयात तो मास्तरांचंच चरित्र लिहीत होता. पुस्तक छापखान्यात जायच्या बेतात असताना मास्तरांच्या मुलीचा फोन आला.

"काका, बाबांचं विसरणं फार वाढलंय हो. काल मलाच विचारलं, तुम्ही कुणाच्या? आईचा फोटो दाखवला तर म्हणाले, बाई ओळखीची वाटते. पण सिनेमाचं मात्र सारखं घोकतात. एकदा बघायचाय त्यांना."

"अख्खा?"

"शेवट. ते दृश्य म्हणे दोनदा घेतलं होतं. एकदा आई कोपऱ्यावर वळून त्यांच्याकडे बघते, एकदा नाही. सिनेमात कुठलं ठेवलं ते आठवत नाहीये. जेवताना तेच, अंघोळीला नेताना तेच."

"वळत नाही," चरित्रकार ताडकन म्हणाला. "मी अख्खं प्रकरण लिहिलंय त्यावर."

"माझं कुठं ऐकतात? म्हणतात, डोळ्यांनी बघीन. तीही आठवेनाशी व्हायच्या आत बघू द्या, काका."

चरित्रकाराला बरं वाटलं. इतकी वर्षं जपलं ते याचसाठी, असंही वाटून गेलं. डबे मांडीवर घेऊन तो टॅक्सीनं फिल्म दुरुस्त करणाऱ्या प्रयोगशाळेत गेला. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी चिकटपट्टी कापली, झाकण उचकटलं, आणि खोलीभर व्हिनेगरचा असा भपकारा सुटला की दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं.

आत फिल्म अशी नव्हतीच. वेटोळी एकमेकांना चिकटून साबणाच्या वडीसारखा एक गोळा झाला होता, वर पांढरी भुकटी. बाईंनी चिमट्यानं कड उचलून पाहिली, ती मोडून हातात आली.

"असं कुणी बांधलं हे?"

"मीच. हवा लागू नये म्हणून."

"हवाच लागायला हवी होती हो. ही फिल्म म्हातारी होताना आंबते. वास निघून जाऊ दिला की आणखी बरीच वर्षं निभावते. कोंडला, की स्वतःच्याच आंबटात कुजते." बाई कुणाला बोल लावायच्या सुरात बोलत नव्हत्या, म्हणून ते जास्तच लागलं. "नुसती माळ्यावर टाकली असती तरी यापेक्षा बरी निघाली असती."

"शेवटचं रीळ बघा," तो म्हणाला. "तेवढंच पाहिजे."

ते सगळ्यांत वाईट निघालं. सर्वांत लाडकं, म्हणून त्याला त्यानं दोन पिशव्या घातल्या होत्या.

घरी आल्यावर बायकोनं त्याचा चेहरा पाहिला आणि टोमणा गिळला. तो लिहिण्याच्या टेबलाशी बसला, डोळे मिटले आणि ती भिंत आठवू लागला. भिंत डावीकडे होती की उजवीकडे? बाईच्या हातात पिशवी होती का? डोळ्यांपुढे येत होतं ते त्याचंच वाक्य: 'ती वळत नाही, कारण मागं उरलेल्या कशालाच आता टाका घालायचा नाही.' हे वाक्य त्यानं इतक्यांदा घोटलं होतं, इतक्या सभांत म्हणून दाखवलं होतं, की बाई त्या वाक्यामागं कधी दिसेनाशी झाली ते त्याला कळलंच नव्हतं. आणि वळली असेल तर?

"तू सांग ना," तो अगतिक होऊन बायकोला म्हणाला, "ती वळते का गं?"

"मला कधी दाखवलात?" ती शांतपणे म्हणाली. "दाखवला असतात तर सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांकडे गेला. मास्तर उशीला टेकून बसले होते.

"आलास? डबे कुठायत?"

त्यानं सांगितलं. काही झाकलं नाही.

"सगळी गेली?"

"सगळी."

"तिचं रीळ?"

"तेही."

मास्तरांनी स्वतःच्या नखांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं, तू तर पाठ केलेलास. तू सांग. वळली?"

वळत नाही, हे शब्द जिभेवर तयार होते. "मला आठवत नाही, मास्तर."

"आठवत नाही? अरे, पुस्तक लिहितोयस ना?"

मास्तरांनी चादर ओढून तोंडावर घेतली आणि आतल्या आत लहान मुलासारखे हुंदके दिले. मुलगी खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

जायला तोंड नव्हतं, न जाणं त्याहून वाईट. दोन दिवसांनी तो पुन्हा गेला. मास्तर उशीला टेकून बसले होते, चेहरा अगदी टवटवीत.

"आलास? डबे कुठायत?"

मास्तरांच्या पाठीमागं पाण्याचा पेला घेऊन मुलगी उभी होती. तिनं मान हलवली. नको, पुन्हा नको. न्यायाधीशाच्या बायकोचं वयसुद्धा ज्यानं दाखला बघितल्याशिवाय लिहिलं नव्हतं, तो माणूस खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "उद्या आणतो, मास्तर."

"उद्या? नक्की?"

"नक्की."

"मग तो निळा शर्ट काढून ठेव गं," मास्तर मुलीला म्हणाले. "असल्या अवतारात तिच्यासमोर बसू का?"

तिनं शर्ट काढला, इस्त्री केली, खुर्चीच्या पाठीवर टाकला. आता तो रोज दुपारी जातो. प्रकाशकाचे निरोप येतात, शेवटचं प्रकरण टेबलावर तसंच पडून आहे. रोज तोच प्रश्न होतो आणि रोज तेच उत्तर. पहिल्या दिवशी जीभ अडखळली होती, आता अडखळत नाही, याचीच त्याला भीती वाटते. परवा मास्तर जरा पुढं झुकले, हळूच, मुलीनं ऐकू नये अशा बेतानं विचारलं, "अरे, उद्या जी बाई बघायचीय, ती माझी कोण लागते?"

"बायको, मास्तर."

"असं होय," मास्तर म्हणाले, आणि खुर्चीवरच्या शर्टाकडं बघत राहिले.