दवातली पावलं

साडू लांबच बरा म्हणतात ते काही उगाच नाही. या दोघांच्या वाट्याला मात्र एकच शेत आलं होतं, सासऱ्यांचं. मधे गुडघाभर बांध. अलीकडे थोरला जावई, पलीकडे धाकटा. दोघांनीही बियाण्यासाठी घेवडा लावला होता, आणि बी सासऱ्यांनीच एका पोत्यातून निम्मं निम्मं वाटून दिलेलं. सासऱ्यांच्या गुडघ्यांनी आता संप पुकारला होता. त्यांनी सांगूनच टाकलं, की ज्याचा प्लॉट बियाण्याच्या तपासणीत पास होईल त्यानं पुढच्या वर्षीपासून सगळं शेत सांभाळावं.

थोरल्यानं तेव्हाच मनातल्या मनात बांध मोडून टाकला. पंधरा वर्षं त्यानं ही माती तुडवली होती. धाकटा तर परवापरवा शाळेतली नोकरी सोडून आलेला, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. खुरपं धरायचा तेसुद्धा खडू धरल्यासारखं. आणि या उंटावरच्या शहाण्यानं फाटकावर पाटी लावली होती: पानं ओली असताना आत येऊ नये.

"दवाला घाबरणारा शेतकरी पहिल्यांदा बघतोय," थोरला चारचौघांत म्हणाला होता. लोक हसले. मास्तरही हसला, आणि तेच थोरल्याला जास्त झोंबलं.

मग करपा आला, पण आला तो थोरल्याच्या शेतात. पानांच्या मागच्या शिरा काळ्या पडल्या, शेंगांवर तांबूस, खोलगट डाग उठले. का आला हे त्याला पक्कं माहीत होतं. गेल्या हंगामाचे रोगट वेल जाळायचा कंटाळा करून त्यानं ते शेतातच नांगरले होते. पण हे कबूल कोण करणार? बांधापलीकडे पाहावं तर एक शेंग डागाळलेली नाही. त्यात बायकोनं मीठ चोळलं.

"धाकट्या बहिणीच्या शेतात जाऊन आले. शेंगा कशा, नुसतं बघत राहावं."

"मग तिथेच राहायचं," तो म्हणाला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

त्याच्या मनानं घेतलं, की मास्तर काहीतरी गुपचूप फवारतोय. एखादं औषध, सासऱ्यांनीच आणून दिलेलं. आपल्यालाच तेवढं परकं ठेवलंय. या विचारानं त्याचा इतका जळफळाट झाला, की एका पहाटे तो उठला आणि स्वतःच्या डागाळलेल्या घेवड्यातून सरळ बांधाकडे निघाला. मांड्यांपर्यंत कपडे दवानं चिंब झाले. फाटकाला पाटी होती, म्हणून तो बांधावरून उतरला. सातव्या ओळीतून आत गेला, पानं चुरगाळून वास घेतला, शेंगा चाचपल्या. शेडपर्यंत जाऊन डबे पाहिले. थोरल्याच्या स्वतःच्या घरात होतं तेच औषध, तेवढंच. विहिरीकडे आडवा गेला, तिथेही काही नाही. चोरी करायला गेलेल्याला घरात काहीच न सापडावं तसा तो चडफडत परतला.

त्यानंतर नवव्या दिवशी तपासणी होती. सासरेही काठी टेकत आले होते. तपासनीस बाई कामात चोख. थोरल्याचा प्लॉट त्यांनी बांधावरूनच नापास केला. मग मास्तरच्या शेतात गेल्या, आणि बऱ्याच वेळानं हातात चार शेंगा घेऊन आल्या. चारही डागाळलेल्या.

मास्तरचा चेहरा उतरला. थोरल्याला मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला.

"ठिकठिकाणी आहे," बाई म्हणाल्या. "पानं ओली असताना इथून कोणी फिरलं होतं का? ओल्या कपड्यांवरून हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. तसं असेल तर तेवढ्या ओळी उपटून बाकीचा प्लॉट पुन्हा तपासता येईल. कोणीच फिरलं नसेल तर रोग बियाण्यातून आलाय. मग सगळाच रद्द."

"कोणी नाही," मास्तर म्हणाला. "आमच्याकडे तसा नियमच आहे."

सासरे मटकन बांधावर बसले. "मग बीच खराब. माझं चुकलं. जावईबापू, तुम्हाला मी उगाच आळशी म्हणालो."

थोरल्याला यापेक्षा आणखी काय हवं होतं? मास्तर पडला होता, आपल्यावरचा डाग पुसला होता, आणि फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहायला काय लागतं? तेवढ्यात मास्तर जवळ आला. स्वतःचं एवढं गेलेलं, आणि यानं खांद्यावर हात ठेवला.

"दादा, मीही मनात तुम्हालाच दोष देत होतो. वाटायचं, जुने वेल नांगरले म्हणून झालं. माफ करा. तुमची काही चूक नव्हती."

थोरल्याला तो हात सोसेना. शेंगा चांगल्या याच्या, नाव याचं, आणि आता मनाचा मोठेपणाही यानंच दाखवायचा? आपल्यासाठी काही ठेवलंय की नाही यानं?

"बी चांगलं होतं," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"वेल मीच नांगरले. आणि इथे मीच आलो होतो, दवात, माझ्या घेवड्यातून. सातव्या ओळीतून शेडपर्यंत, तिथून आडवा विहिरीकडे. बघा जाऊन."

बाई गेल्या. तो सांगेल तिथे शेंगा उलटत गेल्या. डाग होते ते त्याच वाटेवर, इतरत्र एकही नाही.

"कशाला आला होतात?" सासऱ्यांनी विचारलं.

"याचं औषध शोधायला."

कोणी हसलं नाही. मास्तरनं खांद्यावरचा हात काढून घेतला. होता तेव्हा सोसत नव्हता, आणि आता गेला तर थोरल्याला तिथे गार लागलं.

बाईंनी वाटेच्या दोन्ही बाजूंच्या ओळी उपटायला सांगितल्या आणि आठ दिवसांनी पुन्हा येते म्हणाल्या. शेत कोणाकडे जाणार हे आता विचारायची गरज नव्हती.

"उद्या उपटायला या," मास्तर थोरल्याला म्हणाला. "वाट तुम्हाला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत थोरला धुतलेले कपडे घालून रस्त्यानं वळसा घेऊन आला आणि फाटकाबाहेर पाटीखाली बसला. ऊन वर यायला, दव सुकायला अजून दोन तास होते. तो बसून राहिला.