चार बोटं डावीकडे

मी ट्रॅक्टरच्या मागची साखळी बोलतेय, डावीकडची. तुम्ही मला पाहिलं नसेल. ट्रॅक्टरचं कौतुक करायला येणारी माणसं बॉनेटवरून हात फिरवतात, हॉर्न वाजवून बघतात आणि चहा पिऊन जातात. मागे वाकून बघतो तो फक्त मिस्त्री, आणि तोही काही बिघडलं तरच.

माझं काम साधं आहे. ट्रॅक्टरला मागे दोन लोखंडी हात असतात. नांगर, कोळपं, जे लागेल ते अवजार त्यांत अडकवायचं. हे हात चालताना डावी-उजवीकडे झुलतात. त्यांना किती झुलू द्यायचं, ते मी आणि उजवीकडची माझी जुळी बहीण ठरवतो. आमच्या मधोमध एक पेच आहे. तो पान्यानं फिरवला की आम्ही आखडतो किंवा सैलावतो. नांगराला थोडी मोकळीक लागते. कोळप्याला मुळीच चालत नाही, कारण त्याला पिकाच्या दोन ओळींमधलं तणच तेवढं काढायचं असतं. मला जास्त आवळलं की अवजार माझ्याकडे सरकतं, बहिणीला आवळलं की तिच्याकडे. म्हणून दोघींना सारखंच आवळायचं. एवढंच शास्त्र.

कारखान्यात आम्हा दोघींना एकाच सळईतून कापलं, एकाच भट्टीत तापवलं. तपासणाऱ्यानं आम्हाला टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मोजलं आणि म्हणाला, सुताचाही फरक नाही. हे सारखेपण फार काळ टिकलं नाही.

कारण आम्ही पडलो दोन भावांच्या घरात. पहिली काही वर्षं बरी गेली. थोरला चालवायचा, धाकटा मागे बघायचा, पाना एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचा. मग भांडण झालं. ते एका शिडीवरून झालं, आणि शिडी तेव्हा तिसऱ्याच माणसाकडे होती. पण माणसांना भांडायला वस्तू समोर लागत नाही.

वाटण्या झाल्या. शेडच्या फरशीवर मधोमध पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. ट्रॅक्टर काही कापता येईना, म्हणून तो बरोबर रेघेवर उभा करायचं ठरलं. डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. ज्यानं त्यानं आपापल्या बाजूला ग्रीस लावायचं, आपापल्या टायरात हवा भरायची. अहो, आरसेसुद्धा आपापले पुसायचे. घरात चूल मात्र एकच राहिली, कारण ती वाटायला दोघी जावा तयार झाल्या नाहीत. त्या आपल्या एकाच पाटावर बसून भाजी निवडत आणि नवऱ्यांच्या नकला करत. शेडसमोरच स्वयंपाकघराची खिडकी आहे. मला सगळं ऐकू येतं.

भाऊ एकमेकांशी बोलेनात. निरोप जायचे ते थोरल्याच्या बायकोमार्फत, म्हणजे थोरलीमार्फत. "सांग तुझ्या दिराला, डिझेल भरून ठेव म्हणावं." दीर चार पावलांवर उभा असायचा. तो म्हणायचा, "वहिनी, त्यांना सांगा, मला ऐकू येतं." थोरली बिचारी दोन्हीकडे बघून मान हलवायची.

आणि आमचं काय? अवजार बदललं की थोरला येऊन मला आवळायचा, अगदी दात-ओठ खाऊन. रेघ ओलांडून बहिणीकडे बघणं त्याच्या शानेबाहेरचं. नंतर धाकटा यायचा. तोवर अवजार माझ्याकडे ओढलं गेलेलं, मग बहीण आखडणार कुठून? पेच हलेना की तो थोरल्याचा उद्धार करायचा आणि पाना टाकून निघून जायचा. धाकटा आधी आला तर हेच उलटं. दोघंही आपापल्या बाजूनं चोख. अवजार तेवढं वाकडं.

त्या वर्षी थोरलीनं स्वतःच्या हिमतीवर सूर्यफूल लावलं. घराण्यात कुणी कधी लावलं नव्हतं. नवरा हसला होता, दीर हसला होता. हसण्यात मात्र दोघांचं एकमत. तिनं बी स्वतः निवडलं, ओळी स्वतः धरल्या. रोपं वीतभर झाली आणि तणही वीतभर झालं. कोळपणी चुकली असती तर तणानं पीक गिळलं असतं आणि हसणारे खरे ठरले असते.

थोरला कोळपं जोडून निघाला. कोळपं चार बोटं डावीकडे होतं. मला ते कळत होतं, पण मला विचारतो कोण. पहिल्याच फेरीत दहा-बारा पावलं एक अख्खी ओळ उपटत गेली. थोरली मागून धावत आली, ट्रॅक्टर थांबवला आणि खाली बसून रोपं गोळा करू लागली.

थोरला म्हणाला, धाकट्याच्या बाजूची साखळी ढिली आहे. धाकटा बांधावरून आला, वाकून बघून म्हणाला, ह्यांनीच आपल्याकडे ओढून घेतलंय. शेतात कुठलीही रेघ नव्हती. तरी एक डाव्या चाकापाशी उभा, एक उजव्या.

थोरली उठली. हातात मुळासकटची रोपं होती, ती तिनं नवऱ्याच्या हातात दिली.

"धरा. तुमच्या बाजूची आहेत."

मग तिनं पाना घेतला. टायरपासून लोखंडी हातापर्यंत वितीनं मोजलं. माझ्याकडे एक वीत, पलीकडे एक वीत आणि आठ बोटं. मला सैल केलं, पलीकडे जाऊन बहिणीला आवळलं, पुन्हा माझ्याकडे आली, पुन्हा तिकडे. दोन्हीकडे वीत आणि चार बोटं झाली, तेव्हा वाटण्यांनंतर पहिल्यांदा आम्ही सारख्या झालो. थोरला पुन्हा ट्रॅक्टरवर चढला. उरलेल्या ओळींत एक रोप हललं नाही.

जेवताना थोरला म्हणाला, माझी बाजू आधीपासूनच बरोबर होती. धाकटा भिंतीकडे बघून म्हणाला, माझीही. थोरली ताटावरून उठली. हात धुऊन आली, आम्हा दोघींच्या पेचांत तार ओवून पीळ घातला आणि पाना नेऊन डाळीच्या डब्यात ठेवला. "दोघं मिळून मागाल तेव्हा मिळेल," एवढंच म्हणाली.

सूर्यफूल डोक्याच्या वर गेलं. कापणीही झाली. आता नांगर जोडलाय आणि आम्ही अजून कोळप्यासारख्याच ताठ. जरा मोकळीक मिळाली नाही तर वळताना नांगराचा सगळा हिसका आमच्यावरच येणार आणि आमच्या कड्या तुटणार. तीन दिवस नांगरट अडलीय. "सांग तुझ्या दिराला, पाना माग म्हणावं," असं थोरल्यानं एकदा म्हणून पाहिलं. थोरली म्हणाली, मी निरोप पोचवणं सोडलंय.

आज सकाळी दोघंही पाना मागायला गेले. थोरला पुढच्या दारानं, धाकटा मागच्या.

"एका दारानं या," थोरली डाळ धुता धुता म्हणाली. "कुठल्याही."

धाकट्या जावेनं उठून मागच्या दाराला आतून कडी घातली.

तेव्हापासून धाकटा मागच्या पायरीवर बसलाय. थोरला पुढच्या उंबऱ्यात उभा आहे, पण आत गेलेला नाही. मध्येच मान वाकडी करून घराच्या कोपऱ्याकडे बघतो. धाकट्या, तुझ्या पायरीपासून त्या कोपऱ्यापर्यंत फार तर वीस पावलं आहेत रे. मी साखळी आहे, मला चालता येत नाही. तुला येतं.