कुलूपवाले काका आणि पालिकेचे कर्जरोखे

कुलूपवाल्या काकांचा कुणावरच विश्वास नव्हता. दूध आलं की वास घ्यायचे, इस्त्रीहून शर्ट आला की गुंड्या तपासायचे, आणि स्वतः लावलेलं कुलूपही पुन्हा ओढून बघायचे. धंद्याला हे पोषकच होतं.

नगरपालिकेने कर्जरोखे काढले, तेव्हा काकांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

“म्हणजे आपण पालिकेला कर्ज द्यायचं, त्यातून ती स्वस्त भाड्याची घरं बांधणार आणि आलेल्या भाड्यातून आपले पैसे व्याजासकट फेडणार! अगं, ज्यांना आपल्या दारातला खड्डा बुजवता येत नाही...”

“बुजवला की परवा,” धाकटी बहीण म्हणाली. ती पालिकेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाली होती.

“का बुजवला? तिथेच तर पाणी मुरतंय!”

नागरिकांच्या सभेत काका पहिल्या रांगेत बसले आणि पहिल्या संधीला उठले. “आपल्या गल्लीच्या मागे ही घरं बांधणार, पण तिथे राहायला येणार कोण? ओळख ना पाळख! ज्यांना घर हवंय त्यांनी उभं राहा, तोंडं तरी बघू!”

मागे खुर्च्या सरकल्या. काकांना इंजेक्शन देणारी नर्स उभी राहिली. मग बसचा ड्रायव्हर. मग शाळेतल्या बाई. काका सगळ्यांना ओळखत होते. मालकाने भाडं वाढवलं की ही मंडळी बिऱ्हाड हलवायची आणि नवं कुलूप काकांकडून न्यायची. चांगली गिऱ्हाइकं!

शेवटी दाराजवळ त्यांची मुलगी उभी राहिली, कडेवर झोपलेली नात.

“तू? तुला काय कमी आहे?”

“घर, बाबा. भाडं पुन्हा वाढलंय. ही घरं होणार असतील तर तोवर कशीबशी कळ काढू. नाहीतर ह्यांनी दुसऱ्या शहरात नोकरी बघितलीय.”

“मला बोलली नाहीस?”

“तुम्ही म्हणाला असतात, जावई थापा मारतोय.”

सभा हसली. काका हसले नाहीत. ते नेमकं हेच म्हणणार होते. त्यांनी नातीकडे पाहिलं आणि ते मटकन खाली बसले.

बहीण शेजारी वाकली. “दादा, धोका नाहीच असं मी म्हणत नाही. भाडं थकलं तर व्याजही अडकेल. पण घरं शहराची राहतील, मनाला येईल तसं भाडं वाढवायला मालकच नसेल. राहिली चोरी. चोर आहेत म्हणून घरच बांधू नका, असं तू गिऱ्हाइकाला कधी सांगितलंस? कुलूप लावा म्हणालास ना? मग इथेही लाव!”

काका ताडकन उठले! “मी रोखे घेतो! पण खर्चाचा हिशेब दर महिन्याला चौकातल्या फळ्यावर लागला पाहिजे. आणि देखरेखीला मी!”

ठेकेदाराने बांधकामावर त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. काकांनी आधी तिचे पाय हलवून पाहिले, मग सिमेंटची पोती.

आता मुलगी तिथे राहते. व्याज वेळेवर येतं, तरी काका नोटा उजेडात धरतात. त्या इमारतीतलं एकही बिऱ्हाड हललेलं नाही, त्यामुळे कुलपांचा खप पडलाय. यामागे बहिणीचाच हात असावा, असा त्यांना दाट संशय आहे.

तेव्हा नागरिकहो, संशय जरूर घ्या! फक्त तो कुरवाळत घरी बसू नका. त्याला सभेला न्या, बांधकामावर न्या. शहर आपलं आहे, त्याची किल्ली आपल्याच खिशात हवी.