ताईची बोटं

धाकटीने पडद्यावरचं चित्र थांबवलं आणि ताईच्या उजव्या हातावर पेन टेकवलं. हात कसला, कणकेचा गोळा. पाच बोटांचं मिळून एकच बोट झालं होतं.

"चेहरा बघा किती स्वच्छ आलाय," प्रयोगशाळेतले तिचे सर म्हणाले.

चेहरा स्वच्छ होता, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका. सरांचा फिल्टर आधी चित्रातल्या मुंग्या, म्हणजे वळवळणारे ठिपके, पुसायचा, मग व्हिडिओ इतका आकसायचा की रडतखडत चालणाऱ्या नेटवर्कवरही कॉल सुरळीत लागावा. फक्त जे जे बारीक आणि चपळ, ते ते त्याला मुंग्याच वाटायचं. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. शिकायला दूर गेलेल्या लेकीशी ती रोज फोनच्या पडद्यावर हातांनी बोलते, आणि हे प्रकरण आता त्याच फोनमध्ये जाणार होतं. हात दिसले की फिल्टर सैल सोडायचा, असा उपाय धाकटीने तयार करून ठेवला होता. त्याने डेटा वाढतो, चाचणीतले सरासरी गुण उतरतात, म्हणून सरांनी तो दर वेळी झटकून टाकला. 'सरासरी' हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेत.

आज फोन बनवणाऱ्या कंपनीचे दोघे फिल्टरला मंजुरी द्यायला आले होते. म्हणून धाकटीने ताईला रजा काढायला लावून शेजारच्या खोलीत कॅमेरा आणि पडद्यापुढे बसवलं होतं; दोन्हीकडचं चित्र फिल्टरमधूनच जात होतं. वाद कशाला, तिला आत्ताच काहीतरी विचार, समजतंय का बघू, असं सरांनीच सुचवलं.

धाकटीने चित्र पुन्हा सुरू केलं आणि माझं बोलणं नीट दिसतंय का, असं कॅमेऱ्यासमोर हातांनी विचारलं. पडद्यावर ताई छान हसली. कणकेचा गोळा वर गेला, दोनदा फिरला, खाली आला.

"काय म्हणाल्या?" कंपनीतल्या वयस्क गृहस्थांनी विचारलं.

"म्हणतेय, सगळं दिसतंय, काळजी करू नकोस," धाकटी बोलून गेली. जन्मभराची सवय. ताईचा खांदा हलला की अर्थ हिच्या तोंडात तयार.

"मग? समजलं की," सर म्हणाले.

मी बहीण आहे म्हणून समजलं, हे तिने सांगून पाहिलं. त्यावर कंपनीतला तरुण म्हणाला की ताईंची मुलगीसुद्धा घरचीच आहे, तिलाही समजेल. तिघे हसले. चहा मागवला गेला, मंजुरीचा कागद पुढे सरकला. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांचा राग होताच, त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा होता.

तिने शेजारच्या खोलीचं दार ढकललं. ताई आता हसत नव्हती. तिचे हात भराभर चालू लागले, एकेक बोट वेगळं.

"परत विचार म्हटलं ना मी? तुझी बोटंच दिसत नव्हती. काय विचारलंस?"

"मग हसलीस कशाला?"

"अनोळखी माणसं बघत होती."

धाकटी दारातच थांबली. दवाखान्यात, बँकेत, शाळेच्या ऑफिसात, परक्यांचं बोलणं कळलं नाही की ताई असंच हसते. हे घरात सगळ्यांत आधी धाकटीला उमगलं होतं. पुसली गेलेली जागा फिल्टर आधीच्या चित्रांवरून अंदाजाने भरतो. धाकटीने वेगळं काय केलं होतं?

तिने ताईचं मनगट धरलं, मग लगेच सोडलं. हात मोकळे हवे होते.

"सही करू नका," ताईला घेऊन मीटिंगच्या खोलीत शिरत ती म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं." आणि ताई खरं काय म्हणाली होती, तेही सांगितलं.

सरांचा चेहरा लालबुंद झाला. पाहुण्यांसमोर तमाशा नको, असं ते दातओठ खात म्हणाले. वयस्क गृहस्थांनी मात्र पेनला टोपण लावलं.

ताई सरांच्या ओठांकडे एकटक बघत होती. या वेळी ती हसली नाही. तिने हात वर घेतले, ते भराभर बोलत राहिले आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

"काय म्हणतायत त्या?" सरांनी विचारलं.

अर्थ धाकटीच्या तोंडाशी आला होता. तिने तो गिळला.

"थांबा," ती म्हणाली. "तिला विचारून सांगते."

आणि तिने ताईला ते सगळं पुन्हा, सावकाश सांगायला लावलं.