तांदळाच्या डब्यातली बाटली

मुलुंडच्या पद्मजाबाईंना डॉक्टर बदलणं म्हणजे कुलदैवत बदलण्यासारखं वाटे. घरातल्या साऱ्यांचे ताप-खोकले मार्तंड डॉक्टरांनीच बरे केलेले. त्यामुळे पाठ धरली आणि हाडं ठिसूळ झाली, तेव्हा बाई घाटकोपरच्या हाडांच्या डॉक्टरकडे गेल्या त्या चोरूनच. तिथल्या कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात लपली. "मार्तंड डॉक्टर दुखावतील हो. तुम्हाला माझी शपथ," असं त्यांनी नवऱ्याला, विद्याधररावांना, बजावलं. बिचाऱ्यांची शपथ मोडायची छाती तरी होती का!

पुढे मार्तंड डॉक्टरांनी ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी सुरू केली. हळूहळू बाईंची भूक गेली, पोट साफ होईना, तांब्यावर तांबे रिचवूनही तहान भागेना. दिवसभर गुंगीत बसायच्या. विद्याधररावांनी सगळं वयावर ढकललं. पण एकदा त्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला आणि बाई काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी मुद्दाम सासरवाडीच्या कढीला नावं ठेवली. तरी चकार शब्द नाही. तेव्हा मात्र विद्याधरराव घाबरले. ही आता हातची चालली, असं वाटून त्यांना रडूच फुटलं. खालच्या वाण्याच्या फोनवरून त्यांनी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. "वहिनी, आणखी काही औषध घेता का?"

"नाही," बाई पुटपुटल्या. एवढं मात्र विसरल्या नव्हत्या.

विद्याधरराव उठले. डब्यात हात घालून, घरभर तांदूळ सांडत, त्यांनी बाटली डॉक्टरांपुढे ठेवली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, माझी गोळी कॅल्शियम लघवीवाटे जाऊ देत नाही, आणि ह्या गोळ्या वरून भरतायत! रक्तात साठलं असणार. दोन्ही बंद, आणि आत्ताच हॉस्पिटलात चला." मग जरा ओशाळून म्हणाले, "आणि चोरी कशाला? गुडघ्यांसाठी मीही त्याच डॉक्टरकडे जातो."

रक्त तपासलं, तर तसंच निघालं. सलाईन चढलं आणि बाईंची नजर निवळत गेली. विद्याधरराव शेजारी बसून मोसंबं सोलत होते, साली चादरीवर टाकत होते.

"अहो," पद्मजाबाई डोळे वटारून म्हणाल्या, "त्या साली उचला आधी. शपथ मोडलीत ती मोडलीत, तांदूळ तरी गोळा केलेत का? आणि आमच्या कढीबद्दल काय म्हणत होतात?"

विद्याधररावांनी डोळे पुसले.

"पाणचट असते म्हणालो," ते म्हणाले, आणि पुढचं नीट ऐकू यावं म्हणून खुर्ची जवळ ओढून बसले.